आघाडी किती, त्याआधी किती मतं मोजायची राहिलीत ते बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: ४ जून २०२४ ला देवगडजवळच्या घरी तुम्ही आणि तुमचे ८१ वर्षांचे आजोबा सकाळी आठपासून टीव्हीसमोर बसलात. तीन वाहिन्यांवर तीन आकडे येत होते. दुपारी पुढे असलेला माणूस संध्याकाळी मागे पडत होता. बीडचा निकाल तर रात्र झाली तरी लागेना. शेवटी आजोबा म्हणाले, "रात्री काळोखात कायतरी करतत." असं खरंच काही होतं का, आणि पुढच्या वेळी कोणता आकडा धरून बसायचं, हे तुम्हाला हवंय.

मी राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवायचो. १९९१ पासून २०१९ पर्यंत लोकसभेच्या सात मोजण्यांना मी टेबलावर होतो: १९९१, १९९६, १९९८ ला कागदी मतपत्रिका, २००४, २००९, २०१४, २०१९ ला यंत्रं. २०२४ ला मी निवृत्त होतो, त्यामुळे तुमच्यासारखाच टीव्हीसमोर होतो. एकच गोष्ट मोजणी केंद्रातल्या जाळीच्या आतून आणि घरातून कशी वेगळी दिसते ते मला त्या दिवशी नीट कळलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक सांगून ठेवतो. मी जे पाहिलंय ते आपल्या भागातलं. मोजणीचा वेग ठिकाणाप्रमाणे बदलतो. किती उमेदवार उभे आहेत, किती मतदान केंद्रं आहेत, किती टेबलं मांडलीत, निवडणूक निर्णय अधिकारी किती काटेकोर आहे, यावर सगळं अवलंबून. तेव्हा "अमुक वाजता निकाल लागतोच" असं कोणी सांगितलं तर ते धरून बसू नका.

माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळीच आहे. टीव्ही आघाडी दाखवतो, पण ती किती मतांमधून आली आणि अजून किती मतं मोजायची राहिलीत ते दाखवत नाही. नुसता "१८ हजारांनी पुढे" हा आकडा सकाळी अकराला जवळजवळ काहीच सांगत नाही. तोच आकडा संध्याकाळी सहाला जवळजवळ सगळं सांगतो.

आत काय चालतं ते आधी बघू. कोणी कोणत्या टेबलावर बसायचं ते मोजणीच्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला ठरतं. आदल्या रात्री कोणालाच माहीत नसतं. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. एका विधानसभा विभागासाठी साधारण १४ टेबलं असतात. प्रत्येकावर एक पर्यवेक्षक, एक सहायक आणि एक सूक्ष्म निरीक्षक. जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी कागद-पेन घेऊन दाटीवाटीने बसलेले. मे-जूनचा उकाडा, गोदामाला पत्र्याचं छप्पर, सदरे पाठीला चिकटलेले.

स्ट्राँगरूममधून कंट्रोल युनिट, म्हणजे मतदान यंत्राचा मतं साठवणारा भाग, टेबलावर येतं. आधी त्याचा क्रमांक आणि सील ताडायचं, प्रतिनिधींना दाखवायचं. मग एकूण मतांची संख्या बघायची. मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाने नमुना १७ क मध्ये लिहिलेल्या संख्येशी ती जुळली पाहिजे. त्या नमुन्याची प्रत तेव्हाच उमेदवारांच्या प्रतिनिधींना दिलेली असते, त्यामुळे ते आपला कागद काढून बसलेलेच असतात. जुळली की निकालाचं बटण. बीप होतो, आणि छोट्या पडद्यावर उमेदवार क्रमांक १, त्याची मतं. क्रमांक २, त्याची मतं, असं एकेक येतं. मी यंत्र उचलून जाळीच्या अगदी जवळ धरायचो. मागच्या रांगेतून कोणीतरी "सर, परत दाखवा" म्हणायचा. परत दाखवायचं, कितीही वेळा. घाई करणारा पर्यवेक्षक मला कधी आवडला नाही, कारण तिथे वाचलेली दोन मिनिटं नंतर दोन महिन्यांच्या संशयाला कारण होतात.

चौदा टेबलांवरची चौदा यंत्रं वाचून झाली, बेरीज झाली, अधिकाऱ्याची सही झाली की एक फेरी संपते. आता यातली महत्त्वाची गोष्ट. केंद्रं क्रमांकाने येतात, आणि क्रमांक भूगोलाप्रमाणे दिलेले असतात. पहिल्या फेरीत केंद्र १ ते १४, दुसरीत १५ ते २८. म्हणजे पहिल्या चार-पाच फेऱ्यांत सबंध तालुका मोजला जात नाही, त्याचा एक कोपरा मोजला जातो. खाडीकाठची गावं आधी आली तर चित्र एक, सड्यावरची आधी आली तर दुसरं, शहर शेवटी असलं तर तिसरं. जिथे ज्याचं वजन आहे तिथली यंत्रं उघडली की तो पुढे जातो. मतं तर मतदानाच्या दिवशीच पडलेली असतात, बदलतो तो फक्त ती उघडण्याचा क्रम.

त्यात आपला रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ दोन जिल्ह्यांचा. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर हे तीन विभाग इकडचे. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी हे तीन तिकडचे. २०२४ ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही विभागांत विनायक राऊत पुढे होते, सिंधुदुर्गातल्या तिन्ही विभागांत नारायण राणे पुढे होते, आणि शेवटी राणे ४७,८५८ मतांनी निवडून आले. आता कल्पना करा, चिपळूणच्या दालनात काम भरभर चाललंय आणि कणकवलीचं दोन फेऱ्या मागे आहे. टीव्हीवर राऊत पुढे दिसतील. उलटं झालं तर राणे खूपच पुढे दिसतील. दोन्ही वेळा आकडा खरा, आणि दोन्ही वेळा त्यावरून निकाल ओळखता येणार नाही. म्हणून स्वतःच्या मतदारसंघाची आघाडी बघताना, कोणत्या विभागाच्या किती फेऱ्या झाल्यात हे विचारल्याशिवाय मी काहीच मानत नाही.

आता हिशोब. अवघड नाही, सातवीच्या मुलाला येईल. मतदानानंतर एकूण किती मतं पडली तो आकडा जाहीर होतो, विधानसभा विभागवार सुद्धा वर्तमानपत्रात येतो. तो कात्रण काढून ठेवा. मोजणीच्या दिवशी सगळ्या उमेदवारांना मिळालेल्या मतांची बेरीज करा. ही झाली मोजलेली मतं. पडलेल्या मतांतून ती वजा केली की राहिलेली मतं. मग आघाडीला राहिलेल्या मतांनी भागा.

उदाहरण घेऊ. समजा नऊ लाख मतं पडली, सोयीसाठी सहाही विभागांत प्रत्येकी २३ फेऱ्या धरू. दहाव्या फेरीनंतर 'अ' १८ हजारांनी पुढे आहे. तेव्हा राहिलेली मतं साधारण ५ लाख. १८ हजार भागिले ५ लाख म्हणजे ३.६ टक्के. लढत दोघांतच असेल तर मागे असलेल्या 'ब'ला राहिलेल्या मतांत ५१.८ विरुद्ध ४८.२ एवढंच प्रमाण मिळवायचंय. त्याचा बालेकिल्ला मोजायचा राहिला असेल तर हे सहज होतं. आता तीच १८ हजारांची आघाडी विसाव्या फेरीनंतर आहे असं धरा. राहिलेली मतं साधारण १ लाख १७ हजार. भागाकार १५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे 'ब'ला उरलेल्या केंद्रांवर जवळजवळ ५८ विरुद्ध ४२ असं जिंकावं लागेल. एखाद्या गावात हे होतं, उरलेल्या अडीचशेच्या आसपास केंद्रांवर मिळून क्वचितच. तिसरा उमेदवार दमदार असेल तर त्याची मतं बाजूला काढून दोघांच्या उरलेल्या मतांवरच हा हिशोब लावायचा, तेव्हा अंतर भरून काढणं आणखी कठीण होतं.

माझ्याकडे यासाठी एक साधा तक्ता असतो, शंभर पानी वहीचं मधलं पान. उभे रकाने: वेळ, मोजलेली मतं, राहिलेली मतं, आघाडी, टक्के. तासाला एक ओळ लिहितो, त्याहून जास्त नाही. २०२४ ला वाडीतली पोरं सकाळी माझ्या पडवीत ओरडत होती, अकरानंतर तीच पोरं वही घेऊन भागाकार करत बसली. टक्के तीनवरून सातवर, सातवरून पंधरावर गेले की निकाल कुठल्या दिशेला जमतोय ते डोळ्यांना दिसतं. आणि टक्के दोन-अडीचच्या आसपासच घुटमळत राहिले तर समजायचं की आज जेवण उशिरा.

वाहिन्यांचे आकडे वेगळे का, हा तुमचा दुसरा मुद्दा. याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. वाहिनीचा वार्ताहर मोजणी केंद्राबाहेर उभा असतो. आतून प्रतिनिधी बाहेर येतो, "आमचे चार हजार वाढले" म्हणतो, ते पडद्यावर चढतं. दुसऱ्या वाहिनीला ध्वनिक्षेपकावरची घोषणा ऐकून मिळतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मात्र फेरीच्या कागदावर अधिकाऱ्याची सही होऊन, नोंद झाल्यावरच आकडा येतो. म्हणून तो अर्धा-पाऊण तास मागे असतो, पण सही झालेला असतो. २०१४ ला मी रात्री घरी आलो तर शेजारी मला माझ्याच दालनातल्या एका फेरीचा आकडा सांगायला लागले. एका वाहिनीने तो दुपारीच दाखवला होता. त्या वेळी आमच्याकडे त्या फेरीची बेरीजसुद्धा झाली नव्हती, आणि प्रत्यक्ष आकडा बराच वेगळा निघाला. मला त्याचा फार राग आला होता, कारण त्या आकड्यावर गावात फटाके वाजून गेले होते आणि दोन घरांत भांडण झालं होतं. तेव्हापासून माझा नियम: टीव्ही बातमीसाठी, आकडा आयोगाचा. तिथे प्रत्येक उमेदवाराची यंत्रातली मतं आणि टपाली मतं वेगवेगळी दिसतात, तीही बघा.

टपाली मतं थोडीच असतात म्हणून लोक सोडून देतात. सकाळी आठला आधी तीच घेतात, यंत्रं साडेआठला उघडतात. म्हणून सव्वाआठला पडद्यावर जी "आघाडी" झळकते ती बहुतेक लिफाफ्यांतली. पण अटीतटीच्या जागी शेवटी तीच निर्णायक ठरतात. मुंबई उत्तर-पश्चिम तुम्हाला आठवत असेल, कारण आपले कितीतरी चाकरमानी जोगेश्वरी-गोरेगावला राहतात. २०२४ ला तिथे यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. साडेनऊ लाखांहून अधिक मतांत ४८. आता आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये नियम केलाय की जिथे टपाली मतं मोजतात तिथे ती संपल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. हे फार बरं झालं, शेवटच्या क्षणी लिफाफे उघडल्यासारखं वाटायचं ते थांबेल.

आपल्याकडचंच आणखी एक उदाहरण. २०१४ ला रायगडमध्ये, ज्यात आपलं दापोली आणि गुहागर येतं, अनंत गीते सुनील तटकरेंपेक्षा फक्त २,११० मतांनी पुढे राहिले. त्याच मतदानात तटकरेंच्याच नावाचा एक अपक्ष होता आणि त्याला नऊ हजारांहून अधिक मतं मिळाली. टीव्हीवर पहिले दोन उमेदवार दिसतात. खालच्या ओळी कोणी दाखवत नाही. अटीतटीची जागा असली तर खालचे आकडेही वाचायची सवय ठेवा.

आता रात्रीचं. आमच्या तरुणपणी निकाल म्हणजे रात्रच. डिसेंबर १९८४ ला आमच्या गावात एकच टीव्ही होता, बाहेर अंगणात काढून ठेवलेला. गोणपाटावर बसून सगळं गाव थंडीत दूरदर्शन बघत होतं. मध्ये मध्ये हिंदी सिनेमा लावायचे, तो थांबवून आकडे सांगायचे. देशभर काँग्रेसची लाट, ४०० च्या वर जागा. पडद्यावर विरोधकांतला जो तो पडत होता आणि आमच्या अंगणात कोणी बोलत नव्हतं, कारण आमच्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाचं नावच येत नव्हतं. सगळ्यांना वाटलं, एवढ्या लाटेत आपलेही गेले. नंतर कळलं की आमचे जनता पक्षाचे मधू दंडवते निवडून आले. देशाचा कल आणि आपल्या मतदारसंघाचा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी बावीस वर्षांचा असताना त्या अंगणात शिकलो. तुमच्या आजोबांनाही ती रात्र आठवत असेल, विचारून बघा.

कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीला रात्र लागायचीच. पेट्या उघडायच्या, मतपत्रिका सुट्या करायच्या, चिन्हाप्रमाणे खणांत टाकायच्या, गठ्ठे बांधायचे. शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध असला की वाद. घडीमुळे शाईचा ठसा पलीकडच्या चिन्हावर उमटला असेल तर तेवढ्यासाठी मत बाद करायचं नाही, हे आम्ही प्रतिनिधींना कंदिलाच्या उजेडात घडी करकरून दाखवलंय. १९९६ ला दोन पक्षांचे प्रतिनिधी अशाच एका मतपत्रिकेवर वीस मिनिटं वाकून उभे होते. पहाटे तीनला शेजारच्या टेबलावरचा माणूस बसल्या बसल्या झोपायचा, त्याला उठवून चहा द्यायचा, मग पुढचा गठ्ठा.

२००४ ला सगळ्या देशात यंत्रं आली आणि १३ मेच्या दुपारीच चित्र स्पष्ट झालं. लोकांना वाटलं, रात्रीचं जागरण संपलं. ती रात्र २०१९ पासून परत आली, आणि तिला कारण आहे. ८ एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक विधानसभा विभागातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजायच्या. आधी एकाच केंद्राच्या मोजायचे. ही पाच केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात, सगळ्यांसमोर. आपल्यासारख्या सहा विभागांच्या मतदारसंघात झाली तीस केंद्रं. यंत्रांच्या फेऱ्या संपल्यावर हे काम सुरू होतं, आणि एका दालनात एकामागून एकच केंद्र घेतात. मतदान करताना तुम्ही काचेतून सात सेकंद जी चिठ्ठी पाहता तीच ही. डब्यातून काढायची, उमेदवारवार खणांत लावायची, मोजायची, यंत्राच्या आकड्याशी ताडायची. माझ्या अनुभवात एका केंद्राला तासाच्या आसपास लागतो. यंत्र आणि चिठ्ठ्या यांत फरक पडला तर चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरतात. २०१९ ला माझ्या टेबलावर असं एक केंद्र आलं. चिठ्ठ्या पातळ, पंख्याने उडायच्या, म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. शेवटची चिठ्ठी खणात पडली आणि आकडा यंत्राशी जुळला तेव्हा विरोधी बाजूच्या प्रतिनिधीने स्वतःहून माझ्या हातात हात दिला.

टीव्हीवर "विजयी" ही पट्टी संध्याकाळीच येते, कारण राहिलेल्या मतांचा हिशोब तोवर झालेला असतो. अधिकृत घोषणा मात्र चिठ्ठ्या मोजून झाल्यावर. या मधल्या तीन-चार तासांत बाहेर अफवा पिकतात. आत माणसं वाकून चिठ्ठ्या मोजत असतात.

बीडला आणखी वेळ लागला त्याची कारणं वेगळी. चाळीसेक उमेदवार होते, म्हणजे प्रत्येक यंत्रावर तेवढे आकडे एकेक करून वाचायचे, लिहायचे, बेरजा करायच्या. तीस-बत्तीस फेऱ्या. आघाडी दोघांमध्ये पुन्हा पुन्हा फिरत होती, त्यामुळे प्रत्येक बेरीज परत तपासायची मागणी. शेवटी बजरंग सोनवणे पंकजा मुंडेंपेक्षा ६,५५३ मतांनी पुढे राहिले. त्या निवडणुकीत देशातला सगळ्यात शेवटी जाहीर झालेला निकाल तो. माझा हिशोब लावला तर तिथे शेवटच्या फेऱ्यांपर्यंत भागाकार दोन-तीन टक्क्यांच्या वर टिकला नसेल. अशा जागी रात्र होणारच.

मग आजोबांच्या संशयाचं काय? मी त्यांना खोडून काढणार नाही. मत देणाऱ्या माणसाला विचारायचा अधिकार आहे, आणि विचारायला जागाही आहे. मी सात वेळा आत होतो, माझ्या टेबलावर काळोखात काही झालेलं मी पाहिलं नाही. देशातल्या प्रत्येक टेबलाची ग्वाही मी देऊ शकत नाही. पण तपासायचं कसं ते सांगू शकतो. तुमच्या केंद्रावर ज्या पक्षाचा प्रतिनिधी होता त्याच्याकडे १७ क ची प्रत असते. त्यावर एकूण मतं किती ते लिहिलेलं असतं. निकालानंतर नमुना २० मध्ये केंद्रवार, उमेदवारवार मतं प्रसिद्ध होतात. आपल्या केंद्राची ओळ शोधायची आणि बेरीज १७ क शी जुळते का पाहायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, एका गावातली चार पोरं मिळून पंचक्रोशीतली सगळी केंद्रं तपासू शकतात. जुळलं नाही तर ते लेखी विचारा. शिवाय २६ एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत, पैसे भरून, प्रत्येक विधानसभा विभागातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. संशय असेल तर त्याला कागदाची वाट दाखवायची. टीव्हीसमोर बसून तो फिटत नाही, वाढतो.

तुमचा अमेरिकेतला भाऊ म्हणतो की तिकडे वाहिन्याच राज्य "जाहीर" करतात, मग आपल्याकडे का नाही. त्याला अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली ७ नोव्हेंबर २००० ची फ्लोरिडाची रात्र वाचायला सांगा. वाहिन्यांनी संध्याकाळी ते राज्य गोर यांना दिलं, मग मागे घेतलं, मध्यरात्रीनंतर बुश यांना दिलं, पहाटे तेही मागे घेतलं. शेवटी अधिकृत फरक निघाला ५३७ मतांचा, आणि वाद मिटायला पाच आठवडे लागले. मोजणारा आणि सांगणारा वेगळे असले की सांगणारा पुढे धावतो, हे तिथेही आहे आणि इथेही. मतदानोत्तर चाचण्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही. २०२४ ला बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला ३५० च्या वर नेलं होतं, प्रत्यक्षात २९३ झाल्या. त्या रात्री झोप लागावी म्हणून तरी त्या बघू नका.

आता आपल्याकडची अडचण. निकाल मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येतात, म्हणजे वळिवाचे किंवा मृगाच्या तोंडावरचे दिवस. ढग दाटले, सर आली की छपरावरच्या डिशचा सिग्नल जातो, कारण त्या लहरी जोराच्या पावसातून आरपार येत नाहीत. वीज जाते ती वेगळीच. अशा वेळी माणसं घाबरीघुबरी होऊन फोन करत सुटतात. इन्व्हर्टर आदल्या दिवशी भरून ठेवा, ट्रान्झिस्टर असेल तर सेल घालून जवळ ठेवा. आणि वहीतली शेवटची ओळ तुमच्याकडे असतेच: टीव्ही बंद पडला तेव्हा किती मतं राहिली होती ते माहीत असलं की तासभर आकडा नाही आला तरी जीव टांगणीला लागत नाही.

आजोबांसाठी मी एवढंच सुचवेन. सकाळी आठ ते दहा त्यांना टीव्ही दाखवूच नका, त्या वेळचे आकडे लिफाफ्यांचे आणि पहिल्या कोपऱ्याचे असतात. दहाला बसवा, वही त्यांच्या मांडीवर द्या, तासाला एक ओळ त्यांच्याकडून लिहून घ्या. माझ्या सख्ख्या काकांनी ८४ व्या वर्षी हे केलं. पहिल्या ओळीला म्हणाले, "माका आकडे नको, जिकलो कोण तां सांग." दुपारी तीनला त्यांनीच वही माझ्यासमोर धरली, राहिलेल्या मतांच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि संध्याकाळी सातला जेवून झोपायला गेले. अधिकृत निकाल रात्री उशिरा लागला, तो त्यांना सकाळी चहाच्या वेळी सांगितला.

पडलेल्या मतांचा विभागवार आकडा मतदानानंतर काही दिवसांत येतो, तो त्याच वेळी वहीच्या पहिल्या ओळीवर लिहून ठेवा. मोजणीच्या सकाळी शोधायला गेलात तर सापडत नाही.